छायाचित्र आणि विद्यार्थी : एका शिक्षकाचे अनुभव

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने मजसारख्या एका सामान्य शिक्षकास दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. शालान्त परीक्षा आणि त्यानंतर अध्यापनाचा अभ्यासक्रम, एवढीच माझ्या शिक्षणाची शिदोरी. तेव्हा विद्वत्तेचे काही सांगण्याचा अधिकार मजकडे नाही. आयुष्यभर मुलांत राहून जे पाहिले आणि जे चुकलो, तेच आपल्यापुढे ठेवावे असे मी ठरविले आहे.

भाषणाचा विषय कोणता, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा मी 'छायाचित्रण' असे सांगितले. ते किंचित हसले. "गुरुजी, लग्नसराईत धंदा चांगला चालतो म्हणतात," असे म्हणाले. त्यांचा दोष नाही. छायाचित्र म्हटले म्हणजे लग्नातील, बारशातील किंवा भिंतीवर हार घालून लावलेले, एवढेच आपल्या घरांत ठाऊक आहे. परंतु छायाचित्रणाचा आणखी एक प्रकार आहे. माणसे कशी राबतात, कशी राहतात, काय सोसतात आणि ते सोसतानाही आपली मान कशी ताठ ठेवतात, याची प्रामाणिक नोंद करणारे हे छायाचित्रण. त्यास सामाजिक छायाचित्रण म्हणतात. मी विद्यार्थी असताना त्याने मला जे दिले, ते पुष्कळशा पाठ्यपुस्तकांनी दिले नाही. त्याची हकीकत सांगतो.

सन १९७२ च्या दुष्काळाचे ते दिवस. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आपल्या वसईच्या पट्ट्यात दुष्काळ म्हणजे काय, हे आम्हां मुलांना कळणे कठीण होते. विहिरींना पाणी होते, रहाट कुरकुरत होते, केळीच्या बागा हिरव्या होत्या. आमचे वर्गशिक्षक वर्तमानपत्रांतील दुष्काळाची छायाचित्रे कापून वर्गातील फळ्याशेजारी डकवीत असत. त्यांतील एक मला अजून आठवते. उन्हात रांगेने बसून खडी फोडणाऱ्या बाया, आणि एकीच्या मागे टोपलीच्या सावलीत निजविलेले तान्हे मूल. गुरुजी म्हणाले, "हे पाहून तुम्हांस काय वाटले ते लिहू नका. वाटणे सोपे असते. काय दिसले तेवढेच लिहा."

आम्ही पाट्या घेऊन बसलो. प्रथम दोन ओळींच्या पुढे कोणाचे काही जाईना. मग हळूहळू दिसू लागले. हातोडी धरलेल्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती. एकीच्या अंगावरचे लुगडे जुने असले तरी काठापदराचे होते, हातात बांगड्या भरलेल्या होत्या. एका मुलाने विचारले, "गुरुजी, ही तर चांगल्या घरची दिसते. ही खडी का फोडते?" तेव्हा गुरुजींनी सांगितले की, या दुष्काळात ज्यांची स्वतःची शेते आहेत अशी घरेसुद्धा दुष्काळी कामावर आलेली आहेत. तीन वर्तमानपत्रे वाचून जे आम्हांस उमजले नव्हते, ते एका काठापदराने सांगितले. पाहणे ही शिकावयाची गोष्ट आहे, हा माझ्या आयुष्यातील पहिला धडा.

दुसरा धडा मात्र मला महाग पडला.

मी नववीत असताना माझे मामा, जे मुंबईस गिरणीत कामाला होते, सुट्टीत आमच्याकडे आले. त्यांजपाशी आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा होता. एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो निघत. मामांनी आठ फोटो घरच्या मंडळींचे काढले आणि उरलेले चार मला काढावयास दिले. शाळेत त्या वर्षी हस्तकला आणि चित्रांचे प्रदर्शन व्हावयाचे होते. दुष्काळाचे ते छायाचित्र मनात होतेच. मी कॅमेरा गळ्यात अडकवून खाडीकाठी मिठागरावर गेलो.

मिठागराचे काम आज आपल्यापैकी पुष्कळ मुलांनी पाहिलेलेही नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. पावसाळा सरला की बांधबंदिस्ती करावयाची, भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवीत उन्हाने आटवावयाचे. पाणी दाट होत होत अखेर तळाशी मिठाचे खडे धरतात. ते लाकडी फावड्याने ओढून काठाशी आणावयाचे आणि टोपल्यांनी वाहून राशी घालावयाच्या. वरून ऊन, खालून खारे पाणी आणि डोळ्यांपुढे मिठाची पांढरी झळाळी. पहिला पाऊस येण्यापूर्वी सर्व आटोपले पाहिजे. माझी आई तेथे टोपल्या वाहत असे.

मी बांधाच्या आड बसून तिचे छायाचित्र काढले. डोक्यावर भरलेली टोपली, कासोटा वर खोचलेला, पायांना भेगा, त्यांत मिठाचा पांढरा थर. तिला कळलेसुद्धा नाही. मामांनी मुंबईहून फोटो मोठा करून पाठविला. प्रदर्शनात त्यास पहिले पारितोषिक मिळाले. गावातील प्रतिष्ठित मंडळी ते पाहावयास आली. त्यांत कोणी तरी ओळखले आणि सायंकाळी आईच्या कानावर गेले की, तुझ्या पोराने तुझ्या फाटक्या पायांचे चित्र शाळेत टांगले आहे.

आई रागावली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच म्हटले, "पोरा, मला विचारायचंस तरी. पाय धुऊन उभी राहिले असते."

त्या वाक्याने मी खजील झालो. शाळेतून चित्र आणले आणि माळ्यावरच्या एका डब्यात टाकले. सोबत फिल्मचा तुकडाही. दोन-तीन पावसाळे गेले. आपल्या समुद्रकाठच्या दमट हवेने त्या दोहोंवर बुरशी चढली आणि एके दिवशी ते केरात गेले. आज आईचे एकच छायाचित्र आमच्या घरी आहे. ते वसईतील एका स्टुडिओत काढलेले. नवे लुगडे, पाठीमागे रंगविलेला बंगला आणि कारंजे, आणि खुर्चीवर अवघडून बसलेली एक बाई. नातवंडे विचारतात, "आजी अशी होती का?" मी "नाही" म्हणतो. कशी होती, हे दाखविण्यास मजजवळ काही नाही.

मित्रहो, यातून मी पुष्कळ वर्षे चुकीचा निष्कर्ष काढला. मला वाटे, असे चित्र काढलेच नको होते. पुढे शिक्षक झाल्यावर ग्रंथालयातील पुस्तकांतून, मासिकांतून या विषयावर जे हाती येईल ते वाचीत गेलो, तेव्हा कळले की, चूक चित्रात नव्हती. चूक न विचारण्यात होती. आणि त्याहून मोठी चूक ते लपविण्यात होती.

या वाचनात मला एक समव्यवसायी बंधू भेटला. लुइस हाइन हे त्याचे नाव. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी तो शाळामास्तर होता. शाळेच्या कामासाठी म्हणून त्याच्या हाती कॅमेरा आला. युरोपातून बोटींनी येणारी गरीब कुटुंबे एलिस बेटावर उतरत, त्यांची छायाचित्रे तो १९०४ पासून काढू लागला. त्या काळी तेथे परकीय निर्वासितांविषयी तिटकारा पुष्कळ होता. हाइनच्या चित्रांतील माणसे मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभी आहेत. पुढे १९०८ साली शिक्षकाची नोकरी सोडून तो बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीकडे गेला. सूतगिरण्यांत, कोळशाच्या खाणींत, शेतांवर राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे त्याने काढली. मालक आत येऊ देत नसत, म्हणून कधी विमा-एजंट तर कधी बायबल विकणारा बनून तो जाई. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी आणि नाव, वय, कामाचे तास खिशातल्या खिशात वहीवर टिपून घेई. छायाचित्रासोबत मुलाची ही माहिती नोंदली जाई. केवळ 'गरीब बालक' म्हणून तो त्यास सोडून देत नसे. बालमजुरीस आळा घालणारा कायदा तेथे १९३८ साली झाला. तो केवळ छायाचित्रांनी झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु चळवळीच्या हाती नाकारता न येणारा पुरावा त्या मास्तराने दिला. स्वतः हाइन १९४० साली गरिबीतच वारला.

विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे अशी गोष्ट पुढेच आहे. हाइनच्या शाळेतील वर्गात पॉल स्ट्रँड नावाचा एक विद्यार्थी होता. हाइन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन न्यूयॉर्कमधील छायाचित्रांच्या एका दालनात गेला. त्या भेटीत त्या मुलाने छायाचित्रकार होण्याचे ठरविले आणि पुढे तो जगातील थोर छायाचित्रकारांत गणला गेला. एका शिक्षकाची एक सहल एवढे करू शकते!

आपल्या देशातही असेच एक उदाहरण आहे. सन १९४३ मध्ये बंगालात भयंकर दुष्काळ पडला. सुनील जाना हे तेव्हा कलकत्त्यास इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी होते. कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी पूरणचंद जोशी यांनी त्यांना अभ्यास बाजूस ठेवून दुष्काळी मुलखात येण्याचा आग्रह केला. सोबत चित्तप्रसाद हे चित्रकार होते. जाना यांनी काढलेली चित्रे पक्षाच्या पत्रात छापून आली, त्यांची पोस्टकार्डे निघाली आणि त्यांच्या विक्रीतून दुष्काळग्रस्तांसाठी पैसा उभा राहिला. पुढे ते काही वर्षे मुंबईसही होते. लक्षात ठेवा, त्यांच्या राजकीय मतांशी आपण सहमत असू वा नसू. परंतु विशीतील एका विद्यार्थ्याने आपले डोळे देशाच्या उपयोगी लावले, ही गोष्ट पक्षातीत आहे.

आणि अगदी जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर मुंबईचे वृत्तछायाचित्रकार सुधारक ओलवे यांचे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे आयुष्य त्यांनी चित्रित केले. आपण सकाळी झोपेतून उठण्यापूर्वी शहराची घाण जे उचलतात, गटारात जे उतरतात, त्यांची ही चित्रे पाहताना नाक मुरडावेसे वाटते आणि त्याच क्षणी त्या मुरडण्याची शरम वाटते. ओलवे यांनी ही माणसे केवळ कामाच्या ठिकाणी पाहिली नाहीत. त्यांच्या घरी, कुटुंबातही पाहिली. सन २०१६ मध्ये भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरविले. चर्चगेटच्या गाडीत बसून आपण रोज ज्यांच्या शेजारून जातो, त्यांना पाहावयास आपल्याला एका छायाचित्रकाराची गरज पडली, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आता माझी दुसरी चूक सांगतो. ती सांगावयासच मी आज उभा आहे.

सन १९९२-९३ च्या सुमारास मी तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील एका शाळेत होतो. शनिवारी दुपारी मुलांचा छंदवर्ग घेत असे. पदरमोड करून एक साधा कॅमेरा घेतला होता. फिल्मवर छत्तीस फोटो, वर्गात अठरा मुले, प्रत्येकास दोन. नियम तीन केले होते. पहिला, ज्याचे चित्र काढावयाचे त्यास आधी विचारावयाचे. दुसरा, त्याचे नाव आणि काम लिहून आणावयाचे. तिसरा, फोटो धुऊन आल्यावर एक प्रत त्याची त्यास नेऊन द्यावयाची. हे नियम मला कोणत्या पुस्तकाने शिकविले, हे आपण ओळखले असेलच.

एका मुलाने वीटभट्टीचे चित्र आणले. डोक्यावर विटा घेऊन चाललेला एक लहान मुलगा. मी म्हणालो, "छान. नाव?" तो म्हणाला, "सर, नाव काय विचारता? हा आपल्याच वर्गातला. हजेरीत रोज तुम्ही त्याच्यापुढे 'गै' लिहिता."

सभ्य गृहस्थहो, दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबे आगाऊ रक्कम घेऊन भट्ट्यांवर जातात आणि पावसाला परततात, हे मला ठाऊक नव्हते काय? होते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा. १९८२ साली आपल्याच वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि तिने वेठबिगारांच्या मुक्ततेचा प्रश्न धसास लावला. हे सर्व मी वर्तमानपत्रांत वाचले होते. परंतु हजेरीपुस्तकातले ते 'गै' आणि डोक्यावरच्या त्या विटा यांची गाठ एका तेरा वर्षांच्या मुलाने घालून दिली.

मी ते चित्र इतर चित्रांबरोबर शाळेच्या भिंतीवर लावले. चार दिवसांनी भट्टीचे मालक शाळेत आले. ते आपल्याच समाजातील एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. आज ते हयात नाहीत; त्यांचे नाव घेण्याचे कारणही नाही, कारण माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. शाळेस बाके आणि पाण्याची टाकी त्यांनी दिलेली होती. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मुलांना अभ्यास शिकवा. माझी भट्टी भिंतीवर कशाला टांगता? आपण एका समाजाची माणसे." मी काही बोललो नाही. त्या संध्याकाळी मी भिंतीवरून सारी चित्रे उतरविली. पुढील शनिवारी छंदवर्गात मुलांना कागदाची फुले करावयास शिकविली.

ज्या विद्यार्थ्याने ते चित्र काढले होते, त्याने मला काही विचारले नाही. तिसऱ्या नियमाप्रमाणे मात्र तो भट्टीवर जाऊन त्या मुलास त्याची प्रत देऊन आला. गुरूने नियम केला आणि शिष्याने तो पाळला. गुरू मात्र भ्याला. भट्टीवरचा तो मुलगा जूनमध्ये शाळेत परत आला आणि मागच्या इयत्तेत बसला. त्याच्या दप्तराच्या पिशवीत तो फोटो होता. तो त्याचा आयुष्यातील पहिला फोटो होता. त्यास त्या विटांची लाज वाटत नव्हती. लाज वाटावयास हवी होती ती आम्हांला.

दोन प्रसंगांत मी दोन चित्रे उतरविली. एक आईच्या संकोचाने, दुसरे समाजाच्या भिडेने. आज विचार करता वाटते, दोहोंचे मूळ एकच. आपल्या कष्टांची आपल्याला लाज वाटते आणि आपल्यासाठी इतरांनी उपसलेल्या कष्टांकडे आपण पाहू इच्छीत नाही. आपल्या स्मरणिकेचे मागील अंक कृपया चाळून पाहा. देणगीदारांची छायाचित्रे आहेत, कार्यकारी मंडळाची आहेत, गुणवंतांची आहेत, दिवंगतांची आहेत. ती असावीतच. परंतु ज्या हातांच्या बळावर आपण येथवर आलो, त्या काम करणाऱ्या हातांचे एकही छायाचित्र मला आढळले नाही. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. परंतु वर्षानुवर्षे मीठ पिकविणाऱ्या आपल्या खाडीकाठच्या बायांची किती चित्रे आपल्या घरी आहेत?

आणि वेळ थोडा आहे. वसई-विरारची महानगरपालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. खाजणे भरली जात आहेत, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, रहाट तर कधीच गेले. ही कामे ज्यांनी केली ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. आपल्यापैकी प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आज मामांच्या त्या कॅमेऱ्याहून शतपट चांगला कॅमेरा आहे, आणि त्यास फिल्मचा खर्चही नाही. त्यात आपण दिवसाकाठी स्वतःचीच पन्नास चित्रे काढतो. एकावन्नावे दुसऱ्या कोणाचे काढावे, एवढीच माझी विनंती.

म्हणून मंडळापुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. पुढील वर्षीच्या गुणगौरवासाठी येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक छायाचित्र सोबत आणावे. घरातील वा शेजारातील एका कष्टकऱ्याचे, काम करीत असताना काढलेले. त्याच्या पाठीवर नाव, गाव, कामाचे वर्णन आणि त्या माणसाने स्वतः सांगितलेली एक गोष्ट लिहावी. आधी विचारावे आणि एक प्रत त्यास द्यावी. ही छायाचित्रे संस्थेच्या कार्यालयात नीट, कोरड्या कपाटात ठेवावी आणि त्यांतील काही स्मरणिकेत छापावी. आणि ती केवळ आपल्या समाजाची नसावीत. आपल्या इमारतीस पाणी आणणारा टँकरवाला, पहाटे कचरा उचलणारी बाई, भट्टीवरचे कुटुंब, हेही आपल्या घराचे आधार आहेत. त्यांच्याकडे पाहताना एखादी अडचणीची गोष्ट दिसली आणि ती आपल्यापैकीच कोणाकडे बोट दाखवू लागली, तर ते चित्र उतरवू नका. मी उतरविले होते. तुम्ही उतरवू नका.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुलगा डॉक्टर व्हावा, इंजिनियर व्हावा, ही आपली इच्छा योग्यच आहे. छायाचित्रकार होऊन तो पोट भरील की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. परंतु ज्या डॉक्टरला रोग्याच्या पायाच्या भेगा दिसतील, ज्या इंजिनियरला आपल्या भिंतीतील विटा कोणी वाहिल्या हे ठाऊक असेल, तो आपल्या कामात निश्चितच कमी पडणार नाही. मुलाने तुमच्याकडे कॅमेरा वळवून "काढू का?" असे विचारले, तर हातातले काम टाकून, केस सावरून उभे राहू नका. करीत असाल ते काम तसेच चालू द्या. हवे तर पाय तेवढे धुऊन या.